पोस्टमास्तरांची गोळी

आमच्या गावात रायफलच्या गोळ्यांबद्दल पोस्टमास्तर कुरोसाकांइतकं कुणालाच कळत नव्हतं, आणि त्यांनी आयुष्यात रायफल एकदाही झाडलेली नव्हती. यात त्यांचा दोष नाही. आमच्याकडे आधी दहा वर्षं छर्‍याची बंदूक नीट सांभाळून दाखवावी लागते, मग रायफलचा परवाना मिळतो. बाकीचे ती दहा वर्षं बदकं मारत काढतात. निवृत्त मास्तरांनी ती वाचनात काढली.

आमच्या होक्काइदोत, जपानच्या या उत्तर टोकाला, हरणाच्या शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. हरणाचे उरलेले अवशेष गरुड खातात आणि पोटात शिसं जाऊन मरतात. म्हणून तांब्याची गोळी, एवढं सगळ्यांनाच ठाऊक. पण तांब्याची म्हणजे कुठली? हलकी की जड? टोकाला पोकळ की टोपण बसवलेली? अंगात शिरल्यावर चार पाकळ्यांनी उमलणारी की सहा? शिकारी संघाच्या बैठकीत मास्तर यावर बोलायला उभे राहिले की मी दूध काढायची वेळ झाली म्हणून निघायचो. गोठा असल्याचा हा एक फायदा. मोरिया बिचारा ट्रॅक्टर दुरुस्त करतो, त्याला शेवटपर्यंत बसावं लागायचं.

गेल्या हिवाळ्यात मास्तरांच्या हातात रायफल आली. पहिल्या शिकारीला त्यांनी मला आणि हात्सुएबाईंना बरोबर घेतलं. बाई त्र्याहत्तरच्या, संघातल्या सगळ्यात जुन्या. नवर्‍यामागे बीटाची शेती आणि बंदूक दोन्ही त्यांनीच सांभाळली.

सकाळी आठच्या सुमाराला जंगलाच्या कडेला नर दिसला. दोनशे मीटरवर, आडवा उभा, बर्फातून वर आलेला बांबूचा पाला खात.

मास्तरांनी अंतर मोजायचं यंत्र काढलं. मग वारा मोजायचं यंत्र काढलं. मग वही काढली.

"मास्तर," बाई हळूच म्हणाल्या, "त्याचं खाणं होत आलंय."

"एक मिनिट. डावीकडून वारा आहे."

"आहे. माझ्या नाकाला लागतोय."

"म्हणूनच काल रात्री मी जड गोळी निवडली, बाई. वार्‍याला दाद देत नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मास्तरांनी नेम धरला, श्वास सोडला आणि चाप ओढला. नराच्या पोटाखाली बर्फ उडाला. त्याने मान वर करून आमच्याकडे पाहिलं, आणि काही घाई नसल्यासारखा झाडीत गेला.

आम्ही जाऊन नीट पाहिलं. रक्ताचा थेंब नव्हता, केस नव्हता. मास्तर मात्र तासभर बर्फ उकरत बसले. त्यांना गोळी हवी होती, किती पाकळ्या उमलल्या ते बघायला.

"बर्फाला लागलेली गोळी बघून काय करणार?" मी विचारलं.

"माहिती ती माहितीच, सुगावारा."

पुढच्या बैठकीत त्यांनी पडद्यावर आलेख दाखवत पाऊण तास भाषण केलं. विषय होता थंड हवेची घनता. हरीण का पडलं नाही याची सात कारणं त्यात होती, आणि सातही हवामानखात्याकडे जाणारी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी तर त्याची पुस्तिका काढायचं ठरवून टाकलं.

तेव्हा बाई म्हणाल्या, "मास्तर, मला एक कळलं नाही. रायफलवरची दुर्बीण नेमबाजीच्या मैदानावर कुठल्या गोळीने जुळवली होती?"

"दीडशे ग्रेन वजनाच्या."

"आणि शिकारीत कुठली झाडली?"

मास्तरांनी वही उघडून पाहिली. "एकशे ऐंशीच्या," ते म्हणाले.

गोळी बदलली की नेम पुन्हा जुळवावा लागतो, हे पहिल्या दिवशी शिकवतात. मास्तर कानापर्यंत लाल झाले. मग कमरेत वाकून त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि प्रोजेक्टर बंद केला. मला पहिल्यांदाच त्यांचं वाईट वाटलं.

त्यानंतर पाच रविवार ते एकटेच मैदानावर गेले, एकाच प्रकारची गोळी घेऊन. फेब्रुवारीत त्यांनी एकाच गोळीत मादी पाडली. तिचं काळीज मला द्यायला ते माझ्या दारात आले. "ती जागच्या जागी खाली बसलीच, सुगावारा," एवढंच म्हणाले. कुठली गोळी, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. दहा वर्षं ज्यांचं बोलणं थांबत नव्हतं ते मास्तर आता विचारलं की नुसते हसायचे. झालं, संघ कामाला लागला. अध्यक्षांनी त्यांना तांदळाची साके पाजली. कुणी म्हणे जर्मनीहून मागवली, कुणी म्हणे स्वतः घरात वजन करून भरतात. पूर्वी त्यांना टाळणारे लोक आता त्यांच्या शेजारी बसायला धडपडू लागले.

परवा मोरिया गोठ्यात आला. "तुला नक्की माहीत असणार. हलकी की जड?"

मला माहीत होतं. बंदुकीच्या दुकानदारानेच सांगितलं होतं की मास्तरांनी दुकानात शिल्लक होती ती गोळ्यांची साधी पेटी उचलली.

"पाकळ्या पाच आहेत," मी मोरियाला म्हणालो.

त्याने ते लिहून घेतलं.