दुसऱ्या गाण्याची तबकडी

मित्रांनो, हल्लीच्या मुलांना मी मधोमध भोक पडलेली काळी ताटली वाटते. परवा एका मुलीने मला उलटसुलट करून विचारलं, "ह्याच्यावर जेवलं तर आमटी खाली नाही का सांडत?" तिचं काय चुकलं? घरोघरी आता कॅसेटी आल्या आहेत. मी जुन्या काळची गाण्याची तबकडी. छोटीच आहे मी, एका बाजूला एक गाणं मावेल एवढी.

माझ्यावर जे गाणं आहे ते घणसोली गावच्या अरुणाने गायलेलं. अरुणा लहानपणी आईबरोबर मिठागरावर कामाला जायची. मिठागरात एका बांधावरच्या माणसाला पलीकडच्या बांधावरून बोलवायचं तर हाक लांबवावी लागते, नाहीतर वाराच ती खाऊन टाकतो. अरुणाचा गळा त्या हाकांनी तयार झाला. पुढे मुंबईच्या एका कंपनीने तिची आठ गाण्यांची मोठी तबकडी काढली. तिची ती पहिलीच. त्यातलं नवरीच्या होडीचं गाणं एवढं गाजलं की वाशीपासून उरणपर्यंत त्याच्याशिवाय हळद लागेना. ती मोठी तबकडी माझी थोरली बहीण.

तेव्हा कंपनीचे साहेब अरुणाला म्हणाले, "बाई, एक गाणं नशिबानंही गाजतं. दुसरं गाजलं तर तुम्ही गायिका."

अरुणाला ते लागलं. उरलेल्या सात गाण्यांतल्या एकाची छोटी तबकडी काढायचं ठरलं, तेव्हा साहेबांना भलतंच एक हवं होतं. ती हटूनच बसली, "मिठागराचं काढा." म्हणून मी जन्माला आले. गरम काळ्या गोळ्यावर दोन्ही बाजूंनी साचे दाबले आणि माझ्या अंगावर केसाएवढी बारीक रेघ गोल गोल उमटली. 'मिठाचे वाटंशी येशील ना' हे माझे शब्द. त्या 'येशील ना'नंतर अरुणाने एक लांब हाक घेतली होती. एका श्वासात वर वर जाणारी, बांधावरून मारतात तशीच. सगळं गाणं त्या हाकेसाठीच होतं म्हणा ना!

आणि मी गाजले. थोरलीपेक्षा कणभर जास्तच.

घणसोलीच्या हिरामण स्पीकरवाल्याने मला मुंबईहून आणलं. खाडीवर नवा पूल झाला होता, त्यावरून मी कागदात गुंडाळून त्याच्या मांडीवर बसून आले. ताडाच्या झाडाला कर्णा बांधायचा, मांडवाच्या कडेला टेबल टाकायचं आणि मला लावायचं. हिरामणची बायको मालतीबाई मला मऊ फडक्याने पुसायची. ते सुखाचे दिवस होते.

एका हळदीत नाचणाऱ्यांचा धक्का टेबलाला बसला. सुई माझ्या अंगावरून कर्रकन फिरली आणि नेमकी 'येशील ना'पाशी खाच पडली. तेव्हापासून सुई तिथे आली की अडायची. येशील ना, येशील ना, येशील ना... तिसऱ्यांदा झालं की हिरामण बोटाने सुई पुढे ढकलायचा. ती थेट पुढच्या कडव्यावर जायची. हाक मधल्यामध्ये राहायची.

मला वाटलं, आता लोक कंटाळतील. पण गंमत पाहा. पोरी त्या तीन 'येशील ना'वर तीन टाळ्या देऊ लागल्या, तीन पावलं टाकू लागल्या. वर्षभरात गावाने गाणं तसंच पाठ केलं. मी मात्र प्रत्येक वेळी मनातल्या मनात हाक मारायची आणि गप्प बसायची.

इकडे अरुणाचं लग्न झालं, ती सासरी दिवाळे गावात गेली. तिला मुलगी झाली, सखू. त्याच वर्षी तिच्या गळ्याला गाठ आली. डॉक्टरांनी गाठ काढली, बाई वाचली, पण आवाज वर जाईनासा झाला. कंपनीने बोलावणं सोडलं, मला छापणंही थांबवलं. अरुणा पदर गळ्याभोवती घेऊन वण झाकू लागली. तिच्या घरी तबकडी वाजवायचा फोनो कधीच नव्हता, आणि सासरच्या हळदींत आता कॅसेटी वाजू लागल्या होत्या. स्वतःच्या तबकड्या तिने केव्हाच आल्यागेल्याला वाटून टाकल्या होत्या. त्यामुळे सखू सहा वर्षांची झाली तरी तिने आईचं गाणं ऐकलेलं नव्हतं. शेजारच्या पोरी चिडवायच्या, "तुझी आई गानारी? मंग गाऊन दाखव म्हनावं!"

मालतीबाईच्या भाचीच्या हळदीला अरुणा सखूला घेऊन आली, ती एवढ्याचसाठी. लेकीला एकदा ऐकवायचं.

दुपारी हळद लागत होती. बायकांनी आग्रह धरला, "अरुने, तूच म्हन गो! ती काली थाली रोजचीच हाय."

अरुणा उठली. खालच्या पट्टीत तिने सुरुवात केली. हाकेची जागा जवळ आली; आवाज तिथवर जाणार नव्हता. तिने 'येशील ना' म्हटलं, डोळे मिटले. आणि सगळा मांडव ओरडला, "येशील ना! येशील ना!" तीन टाळ्या पडल्या, गाणं पुढच्या कडव्यात गेलंसुद्धा. तिची अडचण कुणाला दिसलीच नाही. हसत खेळत गाणं संपलं.

सखू म्हणाली, "आई, तू तर सगल्यांसारखीच म्हनतेस."

अरुणा हिरामणच्या टेबलापाशी आली. "दादा, ही लाव. आनि बोट लावू नको. त्या जागंला काय हाय त्ये सखूला ऐकू दे."

हिरामणने मला उजेडात धरलं. "खाच खोल हाय गो. सुईवर वजन ठेवलं तर एकदा निभंल. पन रेघ खरवडून निंगल. मंग ही परत वाजायची नाय."

"मंग राहू दे," अरुणा म्हणाली आणि वळली.

"राहू कशी दे?" मालतीबाईने कनवटीचा रुपया काढून सुईच्या दांड्यावर ठेवला. "इतकी वर्सं आपन बोटानं कुनाचा गला पुडं ढकलीत व्हतो, त्ये तरी कलूं दे. लावा तुमी."

मी फिरू लागले. खाच आली. सुई माझ्या अंगात रुतली, खरखरली आणि मित्रांनो, पार झाली. हाक बाहेर पडली. हळदीचे हात जिथल्या तिथे थांबले. हाक वर गेली, आणखी वर गेली. बांधावरून घरी येणारे शिवराम म्हातारबा थबकले आणि आपल्याला कोण बोलावतंय म्हणून मागे वळून पाहू लागले.

"ही कोन?" सखूने विचारलं.

सखूने कर्ण्याकडे पाहिलं, मग आईकडे. ती आईच्या मांडीवर चढली, पदर बाजूला केला आणि वणावर कान ठेवला.

"अजून हाय आत?"

"हाय गो बाय," अरुणा म्हणाली. "वर येत नाय, एवढंच."

त्यानंतर मी वाजले नाही. मालतीबाईच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीत असते. वाईट वाटत नाही मला. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्या जातीचं कुणी असेल तर त्याला कडेने धरा, उन्हात टाकू नका. आणि आज आई भाकऱ्या थापत असेल तेव्हा तिच्याजवळ जाऊन बसा. तुमच्या जन्माआधी ती काय गायची, एवढं तिला विचारा. ती "काही नाही" म्हणेल. तरी बसून राहा.