विनोदी नटाच्या डोक्यावरचा पांढरा टोप

मित्रांनो, मी एक जुना टोप आहे. एका म्हाताऱ्या रंगभूषाकाराने जाळीवर एकेक पांढरा केस गाठवून मला घडवले. एका दिवंगत पंतप्रधानांच्या जीवनावर चित्रपट निघाला होता, त्यातल्या नायकासाठी.

नायक म्हणून धडपड्या या विनोदी नटाची निवड झाली. प्रत्येक चित्रपटात तो जिन्यावरून गडगडायचा, म्हणून हे नाव. गंभीर भूमिका त्याला पहिल्यांदाच मिळाली होती. त्याने पोट उतरवले, भाषणे तोंडपाठ केली. मला तो दोन्ही हातांनी, जपून उचलायचा.

एकदा पंतप्रधानांची मुलगी चित्रीकरण पाहायला आली. तिचा भाऊ युद्धात मारला गेल्याची बातमी वडिलांना कळते, तो प्रसंग होता. धडपड्या खुर्चीत नुसता बसून राहिला. तिने माझ्यावरून हात फिरवला आणि ती म्हणाली, "बाबा अगदी असेच बसले होते." तेवढे कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा आले नाही.

ती गेल्यावर दिग्दर्शक म्हणाला की सगळ्यांची तोंडे उतरली आहेत, एकदा तुझे ते जुने पडणे दाखव. धडपड्या भिडस्त. त्याच वेषात तो जिन्यावरून गडगडला. सगळे पोट धरून हसले. कॅमेरा चालूच होता.

पहिल्या खेळाला त्याला माझ्यासकट बोलावले होते. पडद्यावर बातमी आली, पंतप्रधान खुर्चीत बसले, आणि पुढच्याच क्षणी जिन्यावरून गडगडले. सभागृह हास्याने दणाणले. धडपड्याच्या बायकोने मान खाली घातली. निर्माते पंतप्रधानांच्या विरोधकांपैकी होते, हे तेव्हा कुजबुजीतून आम्हाला कळले.

पंतप्रधानांची मुलगीही आली होती; ती उठून निघाली. धडपड्या हात जोडून आडवा आला. "ताई, मला खरंच माहीत नव्हतं हो."

"तुमचं काम चोख झालं," ती म्हणाली. "लोक हसले ना?"

त्याला रडू कोसळले. आजूबाजूच्यांना वाटले, हीसुद्धा नक्कलच. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

चित्रपट खूप चालला. आता धडपड्याला दुसरे काम मिळत नाही. लोक त्याला समारंभांना बोलावतात, मला घालून पडायला लावतात. माझी जाळी फाटली आहे, केस गळतात. ती जाळी कोणी शिवून देत नाही, कारण टक्कल दिसले की जास्त हसू येते.

मित्रांनो, मला कसर लागली तरी चालेल. पण एखादा रडत असेल, तर तो खरोखर रडतो आहे का, एवढे तरी आधी बघा.