तांबडी पागोटी, हिरवी पागोटी

टिण्‌.

दुपारच्या शांततेत स्वयंपाकघरातून आवाज आला. परातीत काहीतरी इवलंसं पडल्यासारखा. मनस्विनीची पेन्सिल थबकली. पाळण्यातला तान्हा कुशीवर वळला, पण उठला नाही. उद्या घट बसायचे, अत्ते देव घासत असतील, असं म्हणून ती पुन्हा कागदाकडे वळली. सासूबाईंना ती अत्ते म्हणे. कानडी मुलखातल्या बसवनगुडीच्या या घरात सगळ्याच सुना तसं म्हणत आल्या होत्या.

कागद म्हणजे लेकीच्या, आशूच्या, चित्रांच्या वहीचं मागचं पान. त्यावर जेवणाच्या टेबलाचा नकाशा होता. हिरवी सोलापुरी चादर म्हणजे माळरान, तिच्याखाली सरकवलेली जाड पुस्तकं म्हणजे टेकड्या, आणि मधून निळ्या ओढणीची नदी. आठ वर्षांनी ती लढाई मांडणार होती. फासे, मोजपट्टी आणि अंगठ्याएवढे सव्वाशे शिपाई. लग्न झालं, दोन बाळंतपणं झाली, शिपायांची पेटी माळ्यावरच राहिली. परवा कुठे तिनं ती खाली उतरवली. आणि आज होसकोट्याहून अण्णा येणार होता.

अण्णा म्हणजे थोरला भाऊ, उपेंद्र. कथील वितळवून हे सैन्य त्यानंच घरी ओतलेलं. साचा एकच. निम्म्यांना तांबडी पागोटी रंगवली, ते मराठे. निम्म्यांना हिरवी, ते म्हैसूरकर. नखाएवढ्या चेहऱ्यांवर मिशा, भुवया. एका शिपायाला तर त्यानं बाबांसारखा चष्मासुद्धा काढला होता. लहानपणी पुण्याची भावंडं सुट्टीत इकडे आली की म्हणत, "तुम्ही कानडी, तुम्ही हिरवे घ्या." शाळेतल्या मैत्रिणी म्हणत, "तू मराठी ना, तांबडे घे." तिचं तोंड एवढंसं व्हायचं. मग अण्णा नाणं उडवायचा.

तीन वर्षांपूर्वी अण्णाची नजर जाऊ लागली. आता त्याला समोरच्याचा चेहरा दिसत नाही, ठळक रंग तेवढे कळतात. परवा फोनवर म्हणाला, "मनू, तू टेबल मांड. तांबडं-हिरवं मला अजून दिसतं गं. तेवढ्यावर हरवीन तुला."

"ये तर खरा," ती म्हणाली होती, आणि फोन ठेवून न्हाणीघरात जाऊन थोडं रडून आली होती.

टिण्‌. टिण्‌.

या खेपेला तिनं पेन्सिल खाली ठेवली. देव जड असतात, देवांचा आवाज असा येत नाही.

तिनं कोपऱ्यात पाहिलं. नवरात्रात पायऱ्यांवर मांडायच्या बाहुल्यांच्या पेट्या तिथं होत्या. त्यांच्या शेजारी ठेवलेली तिची पेटी नव्हती.

स्वयंपाकघरात अत्ते पाटावर बसल्या होत्या. पुढ्यात टब, चिंचेचा कोळ, काथ्या. आणि परातीत ओळीनं निजवलेली चकचकीत, चंदेरी माणसं. टबातलं पाणी गढूळ झालं होतं, ना तांबडं ना हिरवं.

"ये, बघ कसे लखलखतायत!" अत्ते खुशीत होत्या. "दोन-चारांचे पोपडे उडालेले, तर आतून चांदीसारखं चमकलं. म्हटलं, असल्या मालावर रंग कुणी फासला? रात्रभर कढत सोड्यात बुडवले. आमच्या राजा-राणीच्या बाहुल्यांपुढे सैन्य हवंच होतं मला. यंदा समोरची महानंदा बघतच राहील!"

मनस्विनीनं परातीतल्या ओळी नजरेनं मोजल्या.

"अत्ते... सगळे?"

"एकसुद्धा नाही ठेवला. हा शेवटचा. मेला, याच्या तोंडावरचं काळं काही निघत नाही."

काथ्याखाली चष्म्याची एक काच उरली होती.

"थांबा!"

तान्हा दचकून रडायला लागला. अत्तेंचा हात तसाच राहिला.

"अय्यो, काय झालं गं?"

"अण्णानं रंगवलेले होते ते. त्याला दिसत होतं तेव्हा."

अत्तेंनी परातीकडे पाहिलं, मग टबाकडे. हात पाण्यातून बाहेर काढायचंही त्यांना सुचेना. "मला कसं गं... विचारायला हवं होतं स्वल्प, थोडं तरी. तो यायच्या आत आपण लावू ना रंग? आशूची रंगपेटी आणू?"

मनस्विनीला ओरडायचं होतं. पण अत्तेंनी एकेका शिपायाच्या काखेत, मानेखाली बोट घालून मळ काढला होता, तान्ह्याला न्हाऊ घालताना काढतात तसा. तिनं जाऊन रडणाऱ्या तान्ह्याला पाळण्यातून उचललं. त्याला खांद्यावर टाकून ती परत आली आणि परातीपाशी बसली.

फाटकाशी रिक्षा थांबली. "सरी, सरी, ठीक आहे, इथंच," अण्णाचा आवाज. मग पायरी चाचपणाऱ्या काठीचा.

"मनू! टेबल तयार आहे ना? आज तांबडे माझे हं!"

आवाजानं जागी झालेली आशू डोळे चोळत आली. परातीशी उकिडवी बसली. दोन्ही मुठींत एकेक शिपाई उचलून तिनं उजेडात धरला, आलटून पालटून पाहिला.

"आई," तिनं विचारलं, "यातले आपले कोण?"