फिल्सुनचा पायगुण

फिल्सुनचा पाय झोपेतही चालायचा. शेजारी झोपणाऱ्या साचोनकरणीला पांघरुणातून लाथा बसायच्या, त्याही एका तालात, आणि सकाळी ती म्हणायची की काल तू नक्की घागरा शिवत होतीस, चोगोरी, वरची आखूड बंडी, असती तर मधे कुठंतरी वळली असतीस.

साचोनकरणीचं खरं नाव तिला स्वतःलाच आठवत असेल नसेल. लग्न झालेल्या बाईला जिंजू शहरात नावानं हाक कोण मारतं? माहेरचं गाव तेच तिचं नाव. रेशीमबाजाराच्या मागच्या बोळात तिचं शिलाईघर होतं. पुढचे कापडवाले गिऱ्हाइकाकडून माप घ्यायचे, कापड मागं पाठवायचे, आणि शिवलेले कपडे आपल्या दुकानाच्या कागदात गुंडाळून द्यायचे. कुणी शिवलं हे विचारायची पद्धत नव्हती. आईबापांनी नाम्हे बेटावरून फिल्सुनला या घरात आणून सोडलं तेव्हा ती सोळा वर्षांची होती, आता अठ्ठावीस. मधली बारा वर्षं तिचे पाय पायमशीनच्या लोखंडी पायडलवर होते. अशा पायांना काम संपल्याचं सांगणार कोण? ती जेवायला बसली की गुडघा हलायचा आणि मुळ्याच्या किमचीच्या रसावर लाटा उठायच्या.

तिच्या शिवणीतही हा पाय दिसायचा. शिवण संपली तरी पाय लगेच थांबत नसे, त्यामुळे शेवटी चार टाके एकमेकांवर जास्तीचे पडत. साचोनकरीण बारा वर्षं ओरडत होती, दोरा काय नाम्हेच्या समुद्रातून येतो का म्हणून. पण फिल्सुनची शिवण उसवून परत आली असं कधी झालं नव्हतं, म्हणून ओरडण्यापलीकडे ती काही करत नसे.

आता एक गोष्ट सगळ्या जिंजूला ठाऊक आहे. बसल्या बसल्या पाय हलवला की भाग्य गळतं. भोक पडलेल्या पोत्यातून तांदूळ गळावेत तसं, थोडं थोडं, न कळत. लहान पोरांच्या मांडीवर यासाठी चमच्याचे फटके बसतात. फिल्सुन यावर हसायची. माझं पोतं केव्हाच रिकामं झालं, म्हणायची. त्या वसंतात मात्र तिचं हसू थांबलं, कारण तेगिलच्या आईनं मुलगी बघायला होकार दिला.

तेगिल हा मशीन दुरुस्त करणारा मिस्त्री. त्याची गोष्ट पट्ट्यापासून सुरू होते. पायडलचं मोठं चाक खाली आणि सुईचं छोटं चाक वर, दोन्हींना जोडणारा चामड्याचा गोल पट्टा असतो. तो वापरून वापरून सैल पडतो. मग मिस्त्री येतो, पट्ट्याचा तुकडा कापतो, टोकं पुन्हा तारेच्या आकड्यानं जोडतो, आणि चार महिने बघावं लागत नाही. तेगिल गेल्या शरदात पहिल्यांदा आला. पट्टा कापताना त्यानं फिल्सुनकडे एकदाच पाहिलं, त्याचे कान लाल झाले, आणि दोन बोटं कापायच्या ऐवजी त्यानं अर्धंच बोट कापलं. पट्टा पंधरा दिवसांत सैल. तेगिल पुन्हा हजर.

फिल्सुनला हे दुसऱ्याच खेपेला कळलं. बारा वर्षं पट्ट्याशी संसार केलेल्या बाईला दोन बोटं आणि अर्धं बोट यातला फरक कळणार नाही? तिनं ते साचोनकरणीपासून लपवलं. पण पंधरा दिवससुद्धा तिला लांब वाटायला लागले. ती रोज सकाळी दोन बोटं पाण्यात बुडवून पट्ट्यावरून फिरवायची, कारण ओलं चामडं ताणलं की लांबतं. मग दर आठवड्याला मिस्त्री येऊ लागला. साचोनकरीण वैतागली. म्हणाली, हा पट्टा आहे का चिक्कीचा पाक? शेवटी एका सकाळी तिनं फिल्सुनच्या ओल्या बोटांकडे पाहिलं, मग तेगिलच्या लाल कानांकडे पाहिलं, आणि दोघांनाही काही न बोलता मध्यस्थ व्हायचं ठरवलं. पाण्याचं तिला कळलं होतं, पण पाणी किती पाजलं होतं ते मात्र नव्हतं.

प्रेम वगैरे शब्द तेगिलच्या आईपुढे काढायची सोय नव्हती. ती हादोंगकरीण. घर आतल्या दिशेनं झाडायची, उंबऱ्यावर कुणाला बसू द्यायची नाही. तेगिलसाठी आलेल्या तीन मुली तिनं नाकारल्या होत्या. एकीचा पाय उंबऱ्यावर पडला, दुसरी टेबलाच्या कोपऱ्याशी बसली, तिसरीनं भातात चमचा उभा खोचला, पितरांच्या ताटात खोचतात तसा. तेगिलनं बजावून ठेवलं होतं की मुलगी बघायला आई तिची बोरांच्या रंगाची चोगोरी घालून येईल. ती चोगोरी पहिल्यांदा घातली त्या दिवशी थोरल्या लेकीला चार मुलींवर मुलगा झाला, दुसऱ्यांदा घातली तेव्हा हरवलेला बैल आपल्या पायांनी घरी आला. तेव्हापासून महत्त्वाच्या कामाला तीच. आणि तेगिल पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, पाय तेवढा सांभाळ. आई सगळं माफ करेल, गळका पाय नाही करणार.

साचोनकरणीनं आठ दिवस तालीम घेतली. गुडघ्यावर पाण्याची वाटी ठेवली, फिल्सुनचे आठ घागरे भिजले. पायात तांदळाची पुरचुंडी बांधली, तर पाय पुरचुंडीसकट हलायला लागला.

भेटीच्या दिवशी चहाघराच्या दारात साचोनकरणीनं तिला आडोशाला घेतलं आणि बाहीतून मशीनचा जुना पट्टा काढला. "घोटे खुर्चीच्या पायाला बांधते. घागरा लांब आहे, कुणाला दिसत नाही. चामड्यापुढे कुणाचं चालत नाही."

फिल्सुननं पट्टा ओळखला. हा तोच पट्टा होता. महिनोन् महिने पाणी पिऊन त्याची ताठ मान केव्हाच गेली होती. हे सांगावं तर साचोनकरीण मावशीला सगळा हिशोब सांगावा लागेल, आणि समोरून हादोंगकरीण रस्ता ओलांडत होती. फिल्सुन आत जाऊन खुर्चीत बसली आणि मावशीनं पट्टा आवळला.

साचोनकरणीनं मुद्दाम गोल टेबल धरलं होतं, म्हणजे कोपऱ्याचा प्रश्नच नको. समोर हादोंगकरीण बसली, बोरांच्या रंगाच्या चोगोरीत, पाठ सरळ. तिच्या बाजूला तेगिल, केसांना तेल, कान आधीच लाल. तो आणि फिल्सुन अशी ओळख करून घेत होती की जणू आयुष्यात पहिल्यांदा पाहतायत. अंड्याचा बलक तरंगणारा गरम काढा आला. हादोंगकरणीनं आईवडिलांची विचारपूस केली, सोयाबीनचा आंबवलेला मसाला घरी घालता येतो का विचारलं, भाऊ किती ते विचारलं. फिल्सुननं सगळ्याची हळू आवाजात उत्तरं दिली. मुलगी म्हातारीला आवडत होती, ते तिच्या मानेवरून दिसत होतं. आणि खाली चामडं गरम होऊन हळूहळू सैल पडत होतं.

पहिल्यांदा चमचा वाजला. बशीत, अगदी बारीक. हादोंगकरणीनं खिडकीतून बाहेर पाहिलं, मालगाडी जाते की काय म्हणून. मग चारही बशा वाजायला लागल्या आणि काढ्यातला बलक गोल फिरायला लागला.

"माझा पाय आहे, आई," तेगिल घाईनं म्हणाला.

"तुझा? तीस वर्षांत तुझा पाय हलला तो फक्त पळताना. मी घरात चमचा घेऊन उगाच बसत होते का?"

आणि ती वाकली. साचोनकरणीनं डोळे मिटले. हादोंगकरीण टेबलाखाली बराच वेळ होती. वर आली तेव्हा तिच्या हातात पट्टा लोंबत होता.

"ही नवरीमुलगी आहे का बाजाराला आणलेलं वासरू?"

हादोंगकरणीनं पट्टा उलटा केला, त्याचा सांधा पाहिला. तांब्याची तार, दोन वेढे, टोक बदकाच्या चोचीसारखं वळवलेलं. तिच्या घरातल्या बादलीच्या कडीला, खेटराला, कोंबड्यांच्या दाराला असेच आकडे होते. तिनं मुलाकडे पाहिलं. तेगिलनं मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं, दोन बोटं आणि अर्धं बोट. मग फिल्सुननं पाण्याचं सांगितलं. तेगिलला हे नवीन होतं. तशाही प्रसंगी त्याचा चेहरा उजळला, याचा साचोनकरणीला मनापासून राग आला.

हादोंगकरीण उठली. आवाज चढवला नाही, तेच वाईट होतं. "चोरून ठरवलंत, ते एक वेळ गिळेन. मुलगी कामाची आहे, बोलायला गोड आहे. पण सून पायगुणानं घरात येते, साचोनकरीण. गळका पाय मी घरात कसा घेऊ?"

फिल्सुनला रडू यायला हवं होतं. तिला फक्त एवढंच दिसलं की उद्यापासून पट्टा दुसरा कुणी मिस्त्री कापेल, बरोबर दोन बोटं, आणि मग चार महिने बोळात कुणी येणार नाही. आणि तेवढ्यात, उठलेल्या हादोंगकरणीच्या चोगोरीची फीत तिच्या डोळ्यांसमोर आली. फितीच्या टोकाला, शिवण संपते तिथं, चार टाके जास्तीचे होते. एकावर एक.

"काकू, जाण्याआधी डाव्या काखेत बोट घालून बघा. शिवणीच्या शेवटाला."

"इथं? चारचौघांत?"

पण कुतूहल वाईट. म्हातारी भिंतीकडे वळली, बोट घातलं. "गाठ आहे."

"गाठ नाही. चार टाके. उजवीकडेही असतील."

होते.

"माझा पाय वेळेवर थांबत नाही म्हणून ते पडतात. या बाजारात दुसऱ्या कुणाचे पडत नाहीत, मावशीला विचारा, बारा वर्षं शिव्या देतेय. ही चोगोरी मी शिवलीय." पायासारखाच तिचा आवाजही थांबायला तयार नव्हता. "पाय हलला की भाग्य गळतं, मी नाही म्हणत नाही. पण माझ्या पायाखाली जमीन कुठं होती? पायडल होतं. जे गळलं ते पायडलवर गळलं. पायडलनं चाकाला दिलं, पट्ट्यानं वर नेलं, सुईनं कापडात घातलं. माझं भाग्य सांडलेलं नाही, काकू. तुम्ही अंगात घातलंय."

पलीकडच्या टेबलावरचे दोन म्हातारे सोंगट्या हातात धरून बसले होते. काढा आणणारी मुलगी ट्रे घेऊन जागच्या जागी उभी होती. हादोंगकरीण हळूच खाली बसली. तिनं फितीचं टोक डोळ्यांजवळ नेलं, बोटावर काहीतरी मोजलं.

"म्हणजे नातू..."

फिल्सुननं काढ्यातल्या बलकाकडे पाहिलं.

"आणि बैल?"

"बैलाचं मला सांगता यायचं नाही."

"तोही यातच आला," म्हातारी ठामपणे म्हणाली. तिनं काढ्याचा एक घोट घेतला, पट्टा गुंडाळून साचोनकरणीपुढे सरकवला आणि खुर्ची ओढून फिल्सुनच्या अगदी समोर घेतली. "ठीक आहे. हलव."

"काय?"

"पाय हलव. पण तोंड माझ्याकडे करून बस, उगाच भिंतीवर कशाला सांडतेस."

आणि फिल्सुनचा पाय हलेना. बारा वर्षांत पहिल्यांदा तो जमिनीवर नुसता टेकून राहिला, जसा काही दुसऱ्याच कुणाचा असावा. तिनं दाबून पाहिला. सगळे टेबलाकडे बघत होते, चमचे गप्प होते, म्हातारीच्या भुवया पुन्हा वर जायला लागल्या.

ज्यानं पायमशीन चालवलंय त्याला हे माहीत असतं. चाक कधीकधी अशा जागी येऊन अडतं की पाय कितीही दाबा, ते हलत नाही. वरच्या चाकाला हातानं एक धक्का द्यावा लागतो, तोही पुढच्या बाजूला. मागं दिला तर दोरा तुटतो.

"अडलंय, आई," तेगिल हळूच म्हणाला. "हातानं एक धक्का लागतो."

हादोंगकरणीनं मुलाकडे पाहिलं, मग त्या अठ्ठावीस वर्षांच्या, घाबरलेल्या, खोटारड्या मुलीकडे पाहिलं. तिनं टेबलाखाली हात घातला, फिल्सुनच्या गुडघ्यावर ठेवला, आणि आपल्या बाजूला, घराच्या दिशेनं, एक हलका धक्का दिला.

चमचा वाजायला लागला.