सीलबंद बाटली

"वजन?" सिस्टरने विचारलं आणि पेन फॉर्मवर टेकवलं.

"पायासकट की पायाशिवाय?" पलंगावरचा मुलगा म्हणाला.

सिस्टरचं पेन होतं तिथेच राहिलं. मुलगा उशीला टेकून बसला होता, तेवीस वर्षांचा, अंगाने चांगला दांडगा, आणि चादरीखाली त्याचा उजवा पाय घोट्याच्या जरा वर संपत होता. तो तिच्याकडे बघत होता, पण नेमका तिच्याकडे नाही, तिच्या कानाच्या बाजूला कुठेतरी.

"डॉक्टर सारखे कानीकपाळी ओरडायचे, वजन कमी कर, वजन कमी कर," तो म्हणाला. "शेवटी वैतागून त्यांनीच केलं. एका दिवसात."

"पुरे रे," त्याची आई म्हणाली.

ती भिंतीशी उभी राहून चादरींच्या घड्या घालत होती. धुलाईखान्यात तिची नोकरी होती, आणि मुलाचा पाय काढल्यापासून ती घड्यांचं काम घरी आणत होती. कोपऱ्याला कोपरा जुळवायचा, तळहाताने दाबायचं, पुन्हा दुमडायचं. एकही घडी रेघभर इकडे नाही की तिकडे नाही. असली बाई सांगितल्या कामात कुचराई करायची नाही, हे कुणालाही दिसलं असतं.

सिस्टरने वजनाचा रकाना रिकामा सोडला. दुसऱ्या दिवशी सुनावणी होती. लहान मुलांना गोड पेयं विकायची नाहीत, शाळेच्या आसपास तर नाहीच नाही, आणि बाटलीवर ठसठशीत इशारा छापायचा, असा कायद्याचा मसुदा समितीपुढे आला होता. कंपन्यांनी वकिलांची फौज उभी केली होती. आरोग्य खात्याजवळ होते अकरा जबाब, आणि साहेबांनी सिस्टरला बजावलं होतं की बारावा असा आणा की ऐकून समितीच्या घशाखाली घास उतरता कामा नये. इस्पितळाच्या यादीवरून तिने हे घर शोधून काढलं होतं. साहेबांसाठी तो एक विषय असेल, पण सिस्टरने दारोदार हिंडून पोरांचे किडलेले दात बघितले होते, सोळाव्या वर्षी इन्सुलिनची सुई टोचून घेणारी पोरं बघितली होती. निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि जाण्याआधी हा कायदा झालेला तिला डोळ्यांनी बघायचा होता.

"म्हणजे मी काय प्यायचं ते आता सरकार ठरवणार?" मुलगा म्हणाला.

"तू नाही. लहान मुलांनी काय प्यायचं ते."

"लहान मुलं स्वतः थोडीच आणतात? मोठी माणसं आणून देतात."

"मोठ्यांच्याही गळी उतरवलं जातं ते. जाहिराती असतात, खेळाडूंचे फोटो असतात, झाकणाखाली बक्षिसं असतात."

"मला मेलं एकही लागलं नाही. पाच-सहा हजार झाकणं तरी उघडली असतील."

सिस्टरला हसू आलं आणि हसल्याची लगेच लाज वाटली. पुढचा प्रश्न तिने आईला विचारला.

"दिवसाला किती पितो?"

"दोन मोठ्या. आता एक."

"आता? अजून देता तुम्ही?"

"डॉक्टर म्हणाले, साखर नको. मग बिनसाखरेची आणते. ती नसली की साधी."

"आणि पाणी? पाणी का नाही देत?"

आईने हातातली चादर पूर्ण दुमडली, ढिगावर ठेवली, आणि सिस्टरकडे नुसतं बघितलं. सिस्टरच्या मनात संतापाची तिडीक उठली. पलंगाखाली बाटल्यांची रांग होती, नारंगी रंगाच्या, सगळ्या न फोडलेल्या, उंचीप्रमाणे लावलेल्या. पोटच्या पोराचा पाय गेला, डोळे चालले, आणि या बाईच्या डोक्यात अजून प्रकाश पडत नाही. अशा बायकांना नुसतं समजावून काही होत नाही, कायदाच पाहिजे, असं तिला अगदी आतून वाटलं.

"सवय कशी लागली?" ती जरा कोरडेपणाने म्हणाली. "चार पर्याय आहेत. जाहिरात, शाळा, दुकान, इतर."

"इतर," आई म्हणाली.

"इतर म्हणजे काय, ते लिहावं लागतं."

"लिहा की. आरोग्य खातं."

सिस्टरने मान वर केली. आईच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती, रागही नव्हता. पुढची चादर झटकून तिने दोन टोकं चिमटीत धरली आणि बोलायला लागली.

"वीस वर्षं झाली. जुलाब-उलट्यांची साथ आली होती ना, नळात गटाराचं पाणी शिरलं तेव्हा. याच्या आधीची मला मुलगी होती, पाच वर्षांची. मी आपल्या मनाने पाणी उकळलं, उकळून झाकून ठेवलं. तरी गेली. दीड दिवसात गेली. हा तेव्हा तीन वर्षांचा. तिचं सगळं उरकून आलो, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या खात्याची एक बाई दारात आली. मला म्हणाली, ताई, उकळूनही भागत नाही, पाण्यात हात बुडतो, भांडं बुडतं. याला सीलबंद द्या. बाटलीतलं पाणी मिळालं तर पाणी, नाही मिळालं तर ते संत्र्याचं द्या, पण झाकण तुमच्यासमोर फुटलं पाहिजे."

सिस्टरने पेनाचं टोपण लावलं.

"दुकानातलं पाणी केव्हाच संपलं होतं. संत्र्याचं होतं. याला दिलं, आणि हा वाचला. समोरच्या घरातलं पोर गेलं, हा वाचला." आईने चादरीचा कोपरा कोपऱ्याला लावला. "पुढे पाणी मिळायला लागलं, पण हा तोंडाला लावेना. रडून रडून उलटी काढायचा. याची उलटी बघितली की माझे हातपाय गळायचे. मग देत राहिले तेच."

"पण नंतर..." सिस्टर म्हणाली. "नंतर सगळी वस्ती नळाचं प्यायला लागली. तुम्ही बघत होता ना?"

"बघत होते. मी स्वतः पिते. ज्यांच्या घरातलं कोणी गेलं नव्हतं ते पितील, सिस्टर. एकदा मी माझ्या डोक्याने वागले, आणि मुलगी गेली. याच्या वेळी ठरवलं, आपली अक्कल चालवायची नाही. सांगितलंय तेवढं करायचं." ती थांबली. "आणि त्या बाईने शब्द दिला होता. नळ नीट झाला की मी स्वतः सांगायला येते, म्हणाली होती."

खोलीत इस्त्रीच्या कापडाचा उबट वास होता.

"मघाशी दार उघडलं आणि लगेच ओळखलं मी तुम्हाला," आई म्हणाली. "केस पिकलेत, बाकी तशाच आहात. म्हटलं, आधी तुमचं कागदाचं काम होऊ दे, मग विचारू. झालं का पाणी नीट?"

सिस्टरला हे घर आठवत नव्हतं. त्या साथीत तिने दोनशे तरी दारं वाजवली असतील, आणि प्रत्येक दारात आतून रडणं ऐकू यायचं. पण साथीचा बावन्नावा दिवस तिला पक्का आठवत होता. पाण्याचा अहवाल आला, चांगला आला, आणि ती हातात यादी घेऊन सांगायला निघाली. या इमारतीतली जिन्याच्या डाव्या बाजूची दारं झाली. तेवढ्यात निरोप आला की गाडी खाली उभी आहे, दुसऱ्या वस्तीत लसीकरणाला चला. उजवीकडची उद्या करू, असं तिने ठरवलं. आणि उद्या तिसरीच वस्ती आली, परवा चौथी. लोक एकमेकांना सांगतीलच की, असंही तिच्या मनात आलं होतं. तेवढ्यावर तिने ती यादी फाइलला लावून टाकली होती.

"झालं," ती म्हणाली. "चांगलं आहे पाणी."

"कधी झालं?"

साधा प्रश्न होता. सिस्टरला तारीख पाठ होती. सांगायचं तर ती तारीख सांगायला हवी होती, आणि ती सांगितली असती तर ही बाई इथेच उभी राहून एकेक वर्ष मोजत बसली असती, पायापर्यंत, डोळ्यांपर्यंत. न सांगणं म्हणजे स्वतःची कातडी वाचवणं. तिने तोंड उघडलं.

"आई," मुलगा मध्येच म्हणाला, "काय गं तू पण. झाल्या झाल्या सांगायला आल्यात त्या. आताच झालं असणार. हो ना, सिस्टर?"

त्याची नजर अजूनही तिच्या कानापाशी होती. पण हनुवटी त्याने अगदी थोडी, दोनदा, नकारार्थी हलवली.

"हो," सिस्टर म्हणाली. "आताच."

आईने चादर खाली ठेवली. वीस वर्षांत पहिल्यांदा ती अर्धवट घडी तशीच टाकून गेली असेल. आत नळ सुटल्याचा आवाज आला, आणि पेला विसळल्याचा. बराच वेळ विसळत होती.

"शाळेचा नळ याच पाइपाचा," मुलगा हळू आवाजात म्हणाला. "पाचवीपासून पीत आलोय."

"मग आईला का नाही सांगितलंस?"

"तेव्हा? संत्र्याचं बंद झालं असतं की. कुठलं पोर सांगेल?" त्याने चादरीवर हात फिरवला, पाय संपत होता तिथे आणून थांबवला. "आणि नंतर कोणत्या तोंडाने सांगू? तुम्हीही सांगू नका. वाकून पाया पडायची सोय नाही राहिली, तरी तुमच्या पडतो."

सिस्टरने फॉर्म पुढे ओढला. 'इतर'पुढच्या रेघेवर तिने आरोग्य खातं असं लिहिलं, त्यापुढे स्वतःचं नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, आणि साथीचं वर्ष. कंपन्यांचे वकील हा कागद उद्या डोक्यावर घेऊन नाचतील हे तिला कळत होतं. साहेब म्हणतील, बाई, घरभेद्याचं काम केलंत. कायदा कदाचित इथेच अडेल. तिने बावन्नाव्या दिवसाची तारीखही लिहिली आणि कागद उलटा करून ठेवला.

आई दोन पेले घेऊन आली. एक तिने मुलाच्या हातात दिला, बोटं नीट पेल्याभोवती लावून दिली, आणि समोर उभी राहिली. तो प्यायला. ती त्याच्या गळ्याकडे बघत होती.

"कसं आहे?"

"पाण्यासारखं."

"पिशील ना?"

"पिईन की. काय बिघडलंय."

आई पलंगाच्या कडेला बसली आणि तिने पदराने तोंड पुसलं. दुसरा पेला सिस्टरपुढे होता. सिस्टरने तो एका दमात संपवला. मग तिने कागद सरकवला, फक्त सहीची जागा वर येईल असा दुमडून. आईने वाचला नाही. दाखवलं तिथे सही केली.

"फार बरं झालं आलात," ती दारापर्यंत पोचवायला येत म्हणाली. "मी याला म्हणायची, त्या येणार. कामं असतात माणसाला, पण शब्द दिलाय म्हणजे येणार."

सिस्टरने चपला पायात सरकवल्या.

"आणि हे बघा, शेजारच्यांनाही आताच सांगून जा. नाहीतर राहून जायचं."

ती उंबऱ्यात उभी राहिली, हाताची घडी घालून, बघत. सिस्टर दोन पावलं चालली आणि तिने शेजारचं दार वाजवलं. दार एका तरुण बाईने उघडलं. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते, आणि मागे तिचं लहान पोर नळाखाली ओंजळ धरून पाणी पीत होतं.

"काय हो?"

"नळाचं पाणी आता चांगलं झालंय," सिस्टर म्हणाली. "प्यायला हरकत नाही. तेवढं सांगायला आले."

शेजारणीच्या कपाळाला आठी पडली.

"आता झालंय? अहो, ते तर..."

सिस्टरने पुढे होऊन तिचा ओला हात दोन्ही हातांत घट्ट धरला.