दमलेली टाकी

नळाच्या ओट्याला चार तोट्या होत्या आणि त्यांच्याखाली पाणी भरायचा एकही गुंड, एकही कळशी नव्हती. समोरच्या हातपंपावर बावीस गुंड, सहा बादल्या आणि एक निळा ड्रम रांगेत होते. हा हातपंप मागच्या वर्षी मीच उभं राहून लाल रंगवून घेतला होता. लाल म्हणजे पिऊ नका. त्याच्या पाण्यात लिटरमागे चार मिलिग्रॅम फ्लोराइड आहे. दीडच्या वर गेलं की ते दातांत आणि हाडांत बसतं.

"नीलाबाई, प्लांट बंद काऊन?" मी विचारलं.

"बंद नाई. दम घेऊन राह्यला."

नीलाबाई पाण्यातलं फ्लोराइड काढायचा प्लांट चालवते. जिवतीच्या डोंगरावरच्या या गावात तो आला तेव्हापासून किल्ली तिच्या कमरेला आहे. मी पाणी तपासते, घुग्घुसहून येते. दर खेपेला ती मला आधी चहा देते आणि मग टाकीचं वर्तमान सांगते, घरातल्या माणसाचं सांगावं तसं. गेल्या खेपेला पाणी बिघडू लागलं होतं, हे तिला मीच सांगितलं होतं.

तिचं म्हणणं साधं होतं. त्यांच्या वाडीतली विहीर उन्हाळ्यात खाली गेली की कोणी तिला हात लावत नाही, चार दिवसांत ती आपोआप भरते. म्हणून होळीपासून अख्ख्या गावानं टाकीला हात लावला नव्हता. सगळे लाल पंपाचं पाणी पीत होते. आज पाहुणे येणार होते आणि टाकी ताजीतवानी हवी होती.

हा प्लांट दोन सरकारांच्या करारातला. कर्ज एका परक्या देशाचं, यंत्रं त्यांची, टाकीतले फ्लोराइड शोषणारे पांढरे दाणेही त्यांच्याच कारखान्याचे. मग त्या देशात युद्ध सुरू झालं. सहकार्य चालूच राहील असं दोन्ही सरकारांनी जाहीर केलं, पण माल कमी येऊ लागला. आता जिथलं पाणी दीडच्या आत असेल त्याच गावांना नवे दाणे मिळणार होते. बाकीची गावं यादीतून जाणार होती, आणि या गावाचं आजच्या नमुन्यावर ठरणार होतं.

नीलाबाईचा नवरा कोलूभाऊ मागे बघायला सगळं अंग वळवतो. मान वळत नाही. नात दिव्या सात वर्षांची. तिचे पुढचे दोन नवे दात पांढरे आले आहेत, त्या घरात पहिल्यांदाच. तीही होळीपासून लाल पंपाचंच पीत होती.

दाणे विहिरीसारखे आपोआप ताजे होत नाहीत. ते विष धरून ठेवतात आणि पोट भरलं की संपतात. हे सांगायला मी तोंड उघडलं आणि तीन गाड्या धूळ उडवत आल्या.

आमच्या खात्याचे साहेब उतरले, दुभाषी रोशन उतरला आणि कर्ज देणाऱ्या त्या देशाची पन्नाशीची एक बाई उतरली. साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, पाणी पास होईल ना. मी खरं ते सांगितलं. बंद टाकीतलं पाणी दाण्यांजवळ बरेच दिवस राहिलेलं असतं, ते पहिलं पाणी कदाचित दीडच्या आत येईल. मागून येणारं येणार नाही. आणि नियम असा, की तोटी आधी वाहू द्यायची, मग नमुना घ्यायचा.

"पहिलंच घ्या," साहेब म्हणाले. "कोण बघतंय."

मी मीटरची पेटी उघडली. बाटली हातात घेतली, खाली ठेवली, पुन्हा घेतली.

तेवढ्यात त्या बाईच्या फोनमधून भोंगा वाजला. बायका दचकल्या. तिनं तो बंद केला, तो परत वाजला. रोशननं हळूच सांगितलं, तिच्या गावावर हल्ला झाला की हा वाजतो. आई तिथं एकटी असते. ती मोहाच्या झाडाखाली फोन लावत फिरू लागली. फोन लागत नव्हता. तिच्या बाटलीतलं पाणी संपलं होतं. तिनं ओट्याकडे बोट दाखवलं.

नीलाबाई उठली आणि तिनं चारही तोट्या पूर्ण उघडल्या.

पाणी ओट्यावर आपटून नालीत धावलं.

"नीलाबाई, थांबा," मी ओरडले.

"काऊन? पाहुणीले शिळं पाणी पाजू का?" तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. "होळीपासून टाकीत पडून हाय ते. जाऊ दे सगळं."

साहेब पुढे आले, पण ती बाई बघते आहे हे पाहून मागे सरकले. पंपाच्या रांगेतल्या अंजनाबाईनं नालीतला कचरा पायानं सारून पाण्याला वाट करून दिली. नीलाबाईनं धारेखाली हात धरला होता. पाणी गार लागेपर्यंत तिनं तो काढला नाही. मग लोटा दोनदा विसळून भरला आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

ती बाई उभ्यानंच घटाघटा प्यायली. अर्ध्यावर फोन वाजला. पलीकडून कोणीतरी बोललं आणि ती लोट्यासकट ओट्यावर खाली बसली. नीलाबाई तिच्या पाठीवर हात ठेवून शेजारी बसली.

"माय बरी हाय का, विचार," ती रोशनला म्हणाली.

बरी होती. बायका हसल्या. कोणीतरी दिव्याला पुढे ढकललं आणि पाहुणीला दात दाखव म्हणालं. तिनं दाखवले.

मी त्याच तोटीखाली बाटली धरली. द्रावण मिसळलं, कांडी बुडवली. सगळे मीटरभोवती जमले, नीलाबाई सगळ्यांत पुढे. आकडे बराच वेळ हलत राहिले आणि मग थांबले.

फ्लोराइड, लिटरमागे ३.४ मिलिग्रॅम.