हिरव्या रंगाखालचा ४७१९

मित्रांनो, आधी दोन पावलं मागे सरका, मग ऐका. मी एक जुना डबा आहे. बाहेरून पोलाद, आतून शिसं, दिसायला कळशीपेक्षा लहान, पण उचलायला दोन माणसं लागतात. लोकांनी मला भंगार म्हटलं. म्हणू देत! भंगाराला कोणी कुलूप घालत नाही.

माझ्या पोटात तुरीच्या दाण्याएवढी एक बंद कुपी आहे. तिच्यात सिझियम नावाचा पदार्थ आहे. त्यातून डोळ्यांना न दिसणारे किरण रात्रंदिवस निघतात. ताब्यात असले तर ते कामाचे. मोकळे सुटले तर हाताची कातडी जाळतात, माणसाचा जीव घेतात. त्यांना आवरून धरायला माझा जन्म झाला. किरण बाहेर पडायला एकच बारीक खिडकी, खिडकीला झडप, झडपेला कुलूप.

घडलो तेव्हाच माझ्या अंगावर पिवळा पत्रा बसवला. त्यावर तीन काळ्या पाकळ्यांचं चिन्ह आणि खाली नंबर, ४७१९. देशात माझ्यासारखे जितके आहेत, त्या सगळ्यांची एक यादी असते. कोण कुठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे, सगळं तिच्यात. तुमचा शाळेत हजेरीपट असतो ना, तसाच.

मौद्याकडच्या एका सिमेंट कारखान्यात राखडीच्या, म्हणजे सिमेंटात मिसळायच्या कोळशाच्या राखेच्या, उंच टाकीवर मला बसवलं. एका बाजूला मी, समोर किरण मोजणारं यंत्र. राखड चढली की किरण अडायचे आणि खाली दिवा लागायचा. माझ्याआधी एक माणूस तोंडाला दुपट्टा बांधून शिडी चढायचा आणि खोकत खोकत टाकीत डोकावायचा. मी आलो आणि ते बंद झालं. सतरा वर्षं काम केलं, एकदाही चुकीचा दिवा लागला नाही. छाती ठोकून सांगतो!

दर तीन महिन्यांनी पुष्पलता मॅडम यायच्या. किरणांपासून माणसांना सांभाळणं हे त्यांचं काम. टकटक वाजणारा मीटर त्या माझ्याभोवती फिरवायच्या आणि मोठ्यानं वाचायच्या, "चार-सात-एक-नऊ!" मला तोंड नाही. पण मी मनातल्या मनात "हजर" म्हणायचो.

आणि मारोतराव! कारखान्याचे फिटर, उमरेडच्या विणकराच्या घरचे. त्यांच्या घरी खंडेनवमीला हातमाग धुऊनपुसून पुजायचे. माग गेला, पण नवमी राहिली. दरवर्षी ते कारखान्यातल्या प्रत्येक यंत्राला झेंडूचं फूल वाहायचे. शेवटच्या वर्षी त्यांनी हिरव्या रंगाचा डबा आणला.

"सणाच्या दिवशी कोनी मळकं नाही राहाव, बाप्पा," असं म्हणत त्यांनी मला रंगवलं. पाठ रंगवली, पोट रंगवलं, पिवळा पत्रा रंगवला, पाकळ्या रंगवल्या, नंबरही रंगवला. वर हळदकुंकू लावलं. सतरा वर्षांत मला इतक्या मायेनं कोणी हात लावला नव्हता, आणि त्याच हातानं माझं नाव पुसलं.

मॅडम आल्या असत्या तर दुसऱ्याच दिवशी रंग खरवडला असता. पण त्या यायच्या आत कारखाना बंद पडला. मालकानं कोणालाच कळवलं नाही. मारोतरावांनी जाताना माझी झडप मिटून कुलूप घातलं आणि किल्ली कचेरीत दिली. तेवढं ते विसरले नाहीत. मग ठेकेदार आला. टाकी गेली, पट्टे गेले, आणि मीही ट्रकमधून वाडी गावातल्या भंगार गोदामात येऊन पडलो.

तिथे भूपेश लोखंड कापायचा. त्यानं मला हलवून पाहिलं आणि त्याचे डोळे चमकले.

"एवढासा डबा अन् एवढा जड? शिसं हाय गा याच्यात!"

त्यानं घण घातला. मी नाही उघडलो. छिन्नी लावली. नाही उघडलो! माझा एक कान वाकला, रंगाचे टवके उडाले, पण शिवण हलली नाही. तो घाम पुसत मला शिव्या देत होता आणि मी मनात ओरडत होतो, मार, हवं तेवढं मार! अरे बाबा, मी तुझ्यासाठीच तर बंद आहे! त्याला कुठे ऐकू येणार? तो म्हणाला, "उद्या ग्यासनं कापतो तुले." तेव्हा मात्र मी घाबरलो. आगीपुढे शिशाचं काही चालत नाही.

इकडे हजेरी घ्यायला गेलेल्या मॅडमना रिकामी जागा दिसली. त्यांनी त्याच दिवशी वरच्या कचेरीला कळवलं आणि एकेका भंगारवाल्याला फोन लावला, "पिवळ्या पत्र्याचा, तीन पाकळ्यांचा डबा आला का?" वाडीतही फोन आला. तो उचलला भूपेशनंच. माझ्यावरच एक पाय ठेवून तो म्हणाला, "पिवळा? नाही जी, नाही पायला." खोटं बोलला नाही बिचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी मारोतरावांना गाठलं. पिवळा डबा म्हणताच त्यांचा चेहरा उतरला.

"मॅडम, तो पिवळा नाही जी आता. म्या त्याले हिरवा केला."

मॅडमनी ठेकेदाराला हिरवा डबा विचारला, तो म्हणाला वाडीला टाकला. मग दोघं वाडीकडे धावले. भूपेशनं ज्योत पेटवली होती आणि तो माझ्यावर वाकला होता. फाटकातूनच मारोतराव ओरडले, "थांब गा! त्याले हात नको लावू! मरशील!"

ज्योत विझली. मॅडमनी सगळ्यांना लांब केलं, मीटर पुढे धरून एकट्याच जवळ आल्या. टकटक वाढली, पण हद्दीतच राहिली. त्यांनी रॉकेलची चिंधी माझ्या अंगावर घासली. हिरव्याखालून पिवळं निघालं, एक पाकळी निघाली, मग दुसरी, मग तिसरी.

भूपेश लांबूनच ओरडला, "घरी लहान पोरगी हाय माह्या. मले कोनी सांगितलं काहून नाही?"

"लिवलं होतं गा त्याच्यावर," मारोतराव म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्याच पुसलं."

"तुम्ही रंग लावला, मारोतराव," मॅडम म्हणाल्या. "पण कारखाना बंद केल्याचं मला न सांगणारे तुम्ही नव्हतात."

आता मी कुलपाच्या खोलीत आहे. जिथे घडलो, तिथे परत जायची वाट पाहतो आहे. परवा खंडेनवमीला मारोतराव आले होते. आत यायची परवानगी नव्हती, म्हणून उंबऱ्याबाहेरच झेंडूचं फूल ठेवून गेले.

मित्रांनो, तीन पाकळ्यांचं चिन्ह दिसलं तर लांब व्हा आणि मोठ्यांना सांगा. चिन्ह नसलेला, आकाराच्या मानानं फार जड डबा दिसला तरी तेच करा. मोठ्यांनो, मला तुमची दया नको. मी हरवलो नव्हतो, तुम्ही मला हरवलंत! माझ्या पोटातल्या दाण्याचा जोर ओसरायला अजून तीनशे वर्षं आहेत. तेवढी वर्षं मी बंद राहीन, हा माझा शब्द. तुम्ही फक्त हजेरी चुकवू नका.

त्या दिवशी चिंधी बाजूला ठेवून मॅडम उभ्या राहिल्या. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "चार-सात-एक-नऊ!"

हजर.